तीन पातळ्यांचे वर्गवारी-फिल्टर : आकडे जुळत नाहीत, फांद्या एकमेकींत मिसळतात

पुस्तकपेटी (मूळ प्रश्न)

नमस्कार मंडळी. मराठी पुस्तकांच्या विक्रीच्या साइटवर शोधनिकालांच्या बाजूला वर्गवारीचे फिल्टर लावायचं काम चालू आहे. सुमारे ६०,००० पुस्तकं आहेत आणि ३४० वर्ग: वरच्या पातळीवर ९, दुसऱ्या पातळीवर ६०, तिसऱ्या पातळीवर २७१. मूळ डेटा पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये आहे, वर्गांच्या टेबलात प्रत्येक ओळीला पालकाचा आयडी आहे. शोध इलॅस्टिकसर्च ८ या शोध-इंजिनावर चालतो. एक पुस्तक दोन-तीन वर्गांत असू शकतं.

इंडेक्समध्ये (शोधासाठी बनवलेल्या नोंदींत) सध्या तीन कीवर्ड फील्ड (मूल्य जसंच्या तसं ठेवणारी) आहेत, पातळी-१, पातळी-२ आणि पातळी-३. त्यांत वर्गांची नावं भरली आहेत आणि प्रत्येकावर टर्म्स ॲग्रिगेशन आहे, म्हणजे कुठल्या मूल्याची किती पुस्तकं याची मोजणी. अडचणी अशा:

१. ‘इतिहास’ निवडला की खाली ‘मराठेशाही’, ‘स्वातंत्र्यलढा’ यांच्यासोबत ‘कादंबरी’ आणि ‘नाटक’ही येतात. हे तर ‘ललित’खालचे वर्ग.
२. ‘चरित्र’ हा वर्ग ‘ललित’खालीही आहे आणि ‘बालसाहित्य’खालीही. दोन्हींचा आकडा एकत्र दिसतो.
३. एक वर्ग निवडला की त्याचे शेजारचे वर्ग गायब होतात.
४. एका शोधात ‘ललित’समोर ४१२ आले, पण त्याच्या पोटवर्गांची बेरीज ४३७ होते. खरा आकडा कुठला?
५. काही पोटवर्गांत पुस्तकं आहेत, तरी ते यादीत येतच नाहीत.

यासाठी नेस्टेड टाइप वापरणं योग्य ठरेल का?

---

इंडेक्सवाला

नेस्टेडची गरज नाही. नेस्टेडमध्ये प्रत्येक वर्ग-नोंद आतल्या आत वेगळं डॉक्युमेंट होते. मग ॲग्रिगेशन पुस्तकं मोजत नाही, त्या नोंदी मोजतं, आणि पुस्तकांचा आकडा मिळवायला रिव्हर्स नेस्टेडचा आणखी एक थर चढवावा लागतो. तुमचं दुखणं दुसरीकडे आहे: इंडेक्समध्ये वर्गाचं नाव आहे, पण तो कुठल्या फांदीवरचा आहे हे नाही. ‘इतिहास’ निवडल्यावर जी पुस्तकं उरतात, त्यांतली काही ‘ललित > कादंबरी’मध्येही आहेत. पातळी-२ चं फील्ड त्या पुस्तकांची सगळी मूल्यं मोजतं, म्हणून ‘कादंबरी’ दिसते. ॲग्रिगेशनच्या दृष्टीने तिथे काहीच चुकलेलं नाही.

तीनही फील्ड काढून टाका आणि एकच कीवर्ड फील्ड ठेवा, नाव समजा ‘वर्गमार्ग’. त्यात प्रत्येक पातळीसाठी एक टोकन (मजकुराचा तुकडा), सुरुवातीला खोली आणि मग मुळापासूनचा पूर्ण मार्ग, तोही आयडींचा. ‘ललित’ १२, ‘कादंबरी’ ४७, ‘ऐतिहासिक कादंबरी’ २०३ असेल आणि पुस्तक २०३ ला जोडलेलं असेल, तर टोकनं होतात:

०/१२
१/१२/४७
२/१२/४७/२०३

तेच पुस्तक ‘इतिहास > मराठेशाही’मध्येही असेल (३० आणि ६१), तर ०/३० आणि १/३०/६१ ही आणखी दोन टोकनं. इथे देवनागरी अंक लिहिले आहेत, इंडेक्समध्ये नेहमीचे इंग्रजी अंक ठेवा.

आता ‘इतिहास’ निवडला की दुसऱ्या पातळीच्या ॲग्रिगेशनला इन्क्लूड (कुठली मूल्यं मोजायची त्याचा साचा) म्हणून ‘१/३०/.*’ द्यायचं. ‘कादंबरी’चं टोकन १/१२/४७ आहे, ते या साच्यात बसत नाही. तुमची पहिली अडचण इथे मिटते. ‘चरित्र’चे दोन आयडी वेगळे, मार्ग वेगळे, म्हणजे दुसरीही.

इथे दोन ठिकाणी हमखास घोटाळा होतो. पहिला म्हणजे शेवटचा तिरका दांडा. ‘१/१२.*’ असं लिहिलंत तर आयडी १२० आणि १२५ च्या खालचे वर्गही आत येतात. चाचणीच्या डेटात आयडी दोन अंकी असतात तोवर हे लक्षातच येत नाही. दुसरा म्हणजे इन्क्लूडचा रेग्युलर एक्स्प्रेशन पूर्ण टोकनाशी जुळावा लागतो, नुसत्या सुरुवातीशी नाही. ‘१/१२/’ एवढंच दिलं तर उत्तर रिकामं येतं, पुढचं ‘.*’ हवंच.

पाथ हायरार्की टोकनायझरने (मार्गाचे पातळीनुसार तुकडे करणाऱ्या सोयीने) हे आपोआप होईल असं बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. तो टेक्स्ट फील्डवर चालतो. टेक्स्ट फील्डवर ॲग्रिगेशन करायचं तर फील्डडेटा चालू करावा लागतो आणि तो हीप मेमरी खातो. शिवाय त्याच्या टोकनात खोली नसते, त्यामुळे मुलं आणि नातवंडं वेगळी काढायला साचा आणखी काटेकोर लिहावा लागतो. टोकनं आपल्या कोडमध्ये, इंडेक्स करतानाच बनवलेली बरी.

तिसरी अडचण, शेजारी गायब होण्याची. तुम्ही वर्गाचा फिल्टर मुख्य क्वेरीत टाकला आहे, म्हणून मोजणीही त्या फिल्टरनंतर उरलेल्या पुस्तकांवरच होते. मांडणी अशी करा:

मुख्य क्वेरीत फक्त शोधशब्द आणि कायमच्या अटी, उदाहरणार्थ ‘विक्रीस उपलब्ध’.
वाचकाने लावलेले सगळे फिल्टर (वर्ग, भाषा, प्रकाशक, किंमत) पोस्ट फिल्टरमध्ये. त्याचा परिणाम फक्त निकालांच्या यादीवर होतो, मोजणीवर नाही.
प्रत्येक ॲग्रिगेशनभोवती एक फिल्टर ॲग्रिगेशन, आणि त्यात स्वतःचा सोडून बाकी सगळे फिल्टर. भाषेची मोजणी करताना वर्ग, प्रकाशक आणि किंमत लागू. वर्गाची करताना भाषा, प्रकाशक आणि किंमत लागू, वर्ग नाही.

पूर्ण मार्ग टोकनात असण्याचा खरा फायदा या शेवटच्या ठिकाणी दिसतो. वर्गाच्या तीन पातळ्यांसाठी तीन वेगवेगळे फिल्टर लावावे लागत नाहीत. वर्गाचा फिल्टर पूर्ण वगळलेल्या एकाच आवरणात तिन्ही ॲग्रिगेशनं बसतात: ‘०/.*’, ‘१/१२/.*’, ‘२/१२/४७/.*’. ज्या पुस्तकावर १/१२/४७ आहे त्यावर ०/१२ असतंच, त्यामुळे पालकाची अट पुन्हा घालायची गरज उरत नाही. वाचकाला मुळापासून निवडलेल्या वर्गापर्यंत प्रत्येक पातळीचे शेजारी योग्य आकड्यांसह दिसतात.

चौथी: ४१२ बरोबर. ती पुस्तकांची संख्या आहे. जे पुस्तक ‘कादंबरी’तही आहे आणि ‘अनुवादित’मध्येही, ते खाली दोनदा मोजलं जातं, म्हणून बेरीज जास्त येते. थेट ‘ललित’लाच जोडलेली पुस्तकं बरीच असतील तर उलट बेरीज कमीही भरेल. पालकाचा आकडा मुलांच्या बेरजेने कधीही काढू नका. आणि ती थेट जोडलेली पुस्तकं दाखवायला ‘इतर’ नावाचा पोटवर्ग काढू नका, सहा महिन्यांत सगळ्यात मोठा वर्ग तोच होतो. त्यांची यादी संपादकांना द्या आणि योग्य पोटवर्गात टाकून घ्या.

पाचवी सगळ्यात सोपी. टर्म्स ॲग्रिगेशनचा साइझ सांगितला नाही तर फक्त वरच्या १० बकेट (एक मूल्य आणि त्याचा आकडा) मिळतात. एका पालकाखाली जास्तीत जास्त किती मुलं आहेत ते पाहून त्याच्या वर ठेवा. तुमच्या डेटाला १०० पुरेत. ६०,००० पुस्तकांना एकच शार्ड (इंडेक्सचा तुकडा) ठेवा. शार्ड अनेक असले की प्रत्येक शार्ड आपापल्या वरच्या बकेट पाठवतो आणि आकडे अंदाजे होऊ शकतात, एका शार्डवर ते नेमके येतात. आवृत्ती ७ पासून मुळातच एक शार्ड असतो, कोणी मुद्दाम वाढवले नसतील ना एवढं पाहा.

आणखी एक जागा जिथे आकडे जुळत नाहीत: एकूण निकालांची संख्या. ‘ट्रॅक टोटल हिट्स’ सांगितलं नाही तर इलॅस्टिकसर्च १०,००० पर्यंतच नेमकं मोजतं. रिकाम्या शोधावर वर ‘१०,००० पुस्तकं’ आणि बाजूला एकट्या ‘ललित’समोर १४,००० दिसतात, मग वाचकाचा कुठल्याच आकड्यावर विश्वास राहत नाही. ते ट्रू करा.

सोलर या दुसऱ्या शोध-इंजिनावर असाल तर हेच सगळं फॅसेट (तिथलं ॲग्रिगेशन) प्रीफिक्सने होतं, आणि स्वतःचा फिल्टर वगळायला फिल्टर क्वेरीला टॅग लावून फॅसेटमध्ये तो टॅग एक्स्क्लूड करायचा. प्रीफिक्समध्ये रेग्युलर एक्स्प्रेशन नसतो, म्हणून तिथे टोकनाच्या सुरुवातीची खोली आणखीच गरजेची.

---

टेबलखुर्ची

वरच्या उत्तराशी सहमत. पोस्टग्रेसच्या बाजूचं सांगतो, कारण टोकनं तिथूनच येणार.

पालक-आयडीचं टेबल मूळ म्हणून ठेवा, पण त्याच्या जोडीला क्लोजर टेबल बनवा. तीन कॉलम: पूर्वज, वंशज, अंतर. प्रत्येक वर्ग स्वतःचाही पूर्वज धरायचा, अंतर ०. तुमच्या झाडाला ९×१ + ६०×२ + २७१×३ म्हणजे ९४२ ओळी लागतील, वर्गात बदल झाला की सगळं टेबल पुसून नव्याने भरलं तरी चालतं. टोकन बनवताना वंशजाच्या ओळी अंतराच्या उलट क्रमाने घेतल्या की मार्ग तयार.

हे भरायला रिकर्सिव्ह क्वेरी लिहाल तेव्हा एक अट घाला. ॲडमिनमधून कोणी वर्ग चुकून त्याच्याच नातवाखाली टाकला की युनियन ऑलची क्वेरी थांबतच नाही. पोस्टग्रेस १४ पासून सायकल क्लॉज आहे, त्याने फेरा पकडता येतो. पण खरं तर सेव्ह करतानाच तपासा: नवा पालक हा त्या वर्गाचा वंशज असेल तर नकार द्या. क्लोजर टेबल असल्यावर ती एका ओळीची तपासणी आहे.

वर्ग हलवणं हा सगळ्यात चुका होणारा भाग. ‘कादंबरी’ (४७) १२ खालून काढून १५ खाली नेली, तर इंडेक्समधल्या टोकनांवर मजकूर बदलण्याची स्क्रिप्ट चालवण्याचा मोह होतो. चालवू नका. ज्या पुस्तकावर १/१२/४७ आहे, त्यावर १/१२/५२ सुद्धा असू शकतं. स्क्रिप्टने ०/१२ चं ०/१५ केलं की ते पुस्तक ५२ मध्ये दिसेल पण त्याच्या पालकात नाही. हलवण्याआधी त्या टोकनावरून पुस्तकांचे आयडी काढा, आणि हलवल्यावर प्रत्येकाची सगळी टोकनं डेटाबेसमधून नव्याने बनवून पाठवा. काही हजार पुस्तकं बल्कने जायला फारसा वेळ लागत नाही.

नुसतं नाव बदललं तर रीइंडेक्सची गरज नाही, कारण टोकनात आयडीच आहेत. नाव पडद्यावर दाखवताना जोडायचं. ३४० ओळी ॲप्लिकेशनच्या मेमरीत सहज मावतात. फक्त वर्गाचं नाव शोधाच्या मजकुरातही घातलं असेल, म्हणजे ‘बालकविता’ टाइप केल्यावर त्या वर्गातली पुस्तकं यावीत म्हणून, तर तेवढ्या पुस्तकांचं रीइंडेक्स करावंच लागेल.

रोज रात्री एक पडताळणी लावा. पोस्टग्रेसमध्ये पुस्तक-वर्ग टेबल क्लोजर टेबलाशी जोडून प्रत्येक पूर्वजाचे वेगवेगळे पुस्तक-आयडी मोजा (काउंट डिस्टिंक्ट, साधा काउंट नाही), दोन्हीकडे ‘विक्रीस उपलब्ध’ची अट सारखी ठेवा, आणि रिकाम्या शोधाच्या बकेटशी ताडून पाहा. फरक असलेल्या वर्गांची यादी मेलने यावी.

---

पुस्तकपेटी

दोघांचेही मनापासून आभार. टोकनं बदलून पाहिली, पहिल्या पाचही अडचणी सुटल्या. आता तीन प्रश्न उरले आहेत. वाचकाला एकाच वेळी अनेक वर्ग निवडू द्यायचे आहेत, तर पालक आणि मूल दोन्हींवर टिक असेल तेव्हा काय करायचं? लेखक आणि प्रकाशकांच्या फिल्टरमध्ये तेच नाव दोनदा येतं, डोळ्यांना दोन्ही अगदी सारखी दिसतात. आणि यूआरएलमध्ये वर्गाचं नाव ठेवावं की आयडी?

---

अनुस्वार

दुसऱ्या प्रश्नाचं सांगते. सारखी दिसणारी नावं बाइटच्या पातळीवर वेगळी असतात. मराठीत याच्या तीन जागा ठरलेल्या आहेत.

‘वऱ्हाडी’, ‘सुऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतला अर्धा र दोन पद्धतींनी टाइप होतो. एक म्हणजे ऱ (यू प्लस ०९३१) आणि हलन्त. दुसरी म्हणजे साधा र, हलन्त आणि झीरो विड्थ जॉइनर (यू प्लस २००डी). पडद्यावर फरक शून्य, पण फॅसेटच्या दृष्टीने दोन वेगळी मूल्यं. एनएफसी नॉर्मलायझेशन (युनिकोडची वेगवेगळी रूपं एकसारखी करण्याची ठरलेली पद्धत) चालवलं तरी ही दोन रूपं एक होत नाहीत, तो नियम स्वतः लिहावा लागतो.

दुसरी जागा ॲ. तो एकच अक्षर म्हणून (यू प्लस ०९७२) येतो किंवा अ आणि त्यावर वेगळा चंद्र असा. एनएफसी हेही एक करत नाही.

तिसरी म्हणजे न दिसणारी अक्षरं: वर्डमधून किंवा पीडीएफमधून चिकटवलेल्या नावांत जॉइनर, नॉन-जॉइनर, नॉन-ब्रेकिंग स्पेस, शेवटची मोकळी जागा.

क्रम असा ठेवा: आधी एनएफसी, मग ‘र, हलन्त, जॉइनर’चं ‘ऱ, हलन्त’, मग ‘अ, चंद्र’चं ‘ॲ’, मग उरलेले जॉइनर आणि नॉन-जॉइनर काढणं, शेवटी मोकळ्या जागा आवरणं. जॉइनर आधी काढलात तर ‘वऱ्हाडी’तला र रफार होऊन ‘वर्हाडी’ होतो आणि मग तो परत आणता येत नाही. कीवर्ड फील्डला नॉर्मलायझर जोडता येतो आणि त्यात मॅपिंगचा कॅरेक्टर फिल्टर चालतो, म्हणजे हे बहुतेक इंडेक्सच्या सेटिंगमध्येच बसेल. शोधशब्दाच्या ॲनालायझरलाही हेच फिल्टर लावा, नाहीतर मोबाइलच्या कीबोर्डवरून टाइप केलेलं ‘वऱ्हाडी’ सापडणार नाही.

पण लेखक आणि प्रकाशक यांनाही वर्गांसारखे आयडी देणं हाच खरा उपाय. स्पेलिंग साफ केल्याने ‘प्रकाशन’ आणि ‘प्रकाशन गृह’ एक होत नाहीत, ते माणसालाच जुळवावं लागतं.

जाता जाता: यादी अक्षरक्रमाने लावणार असाल तर युनिकोडच्या नुसत्या क्रमावर विसंबू नका. ॲ हा त्या क्रमात ह च्याही नंतर येतो, म्हणजे ‘ॲ’ने सुरू होणारं प्रकाशन यादीच्या तळाशी जातं. आयसीयू या युनिकोड लायब्ररीचं मराठी कोलेशन (अक्षरक्रमाचे नियम) वापरा. वर्गांच्या बाबतीत तर संपादकाने ठरवलेला क्रमांकाचा कॉलम असावा असं माझं ठाम मत आहे. ‘कविता, कादंबरी, कथा’ यांचा क्रम दुकानदाराला ठरवता आला पाहिजे.

---

खिडकी_दार

उरलेले दोन.

एकाच फिल्टरमधल्या निवडी ‘किंवा’ने जोडा, वेगवेगळे फिल्टर ‘आणि’ने. दोन वर्ग निवडलेले असले तरी क्वेरीत एकच टर्म्स फिल्टर, आत दोन टोकनं. पण या नियमात पालक आणि मूल दोन्ही टिक राहिले तर गडबड होते: ‘ललित’ किंवा ‘ललित > कादंबरी’ म्हणजे सगळं ‘ललित’च. वाचक ‘कादंबरी’वर टिक करतो आणि यादी हलत नाही, त्याला वाटतं साइट अडकली. म्हणून मूल निवडलं की त्याचे सगळे पूर्वज निवडीतून काढायचे, पालक निवडला की त्याच्या पोटातली सगळी मुलं काढायची. टोकनावरून हे कळतं: १/१२/४७ चे पूर्वज म्हणजे ०/१२, बाकी कोणी नाही. मुलावर टिक असताना पालकाच्या चौकोनात आडवी रेघ दाखवा, टिक नको.

शून्य आकड्याचे वर्ग लपवा, अपवाद फक्त निवडलेल्यांचा. वाचकाने ‘कादंबरी’ निवडली, मग किंमत बदलली आणि आकडा शून्यावर आला, तर ती ओळ दिसत राहिली पाहिजे, नाहीतर टिक काढायची कुठून? बकेटमध्ये नसलेला निवडलेला वर्ग आपल्या मेमरीतल्या झाडातून घेऊन ० सह दाखवायचा. किमान आकडा ० मागण्याचा पर्याय ॲग्रिगेशनला आहे, पण तो साच्यात बसणारे, शोधाशी संबंध नसलेले सगळे वर्ग आणून टाकतो.

मोबाइलवर प्रत्येक टिकला यादी नव्याने आणू नका. खाली ‘२१४ पुस्तकं पाहा’ असं बटण, टिक बदलली की फक्त आकडे मागवा. हे आकडे वेगळ्या विनंतीत साइझ ० ने मागवले तर आणखी एक फायदा: इलॅस्टिकसर्चचा रिक्वेस्ट कॅश मुळात साइझ ० च्याच विनंत्या साठवतो. दुसऱ्या पानावर जाताना ॲग्रिगेशन पाठवायचंच नाही, आकडे बदललेले नसतात. फिल्टर बदलला की पान मात्र १ वर आणा. आणि भराभर टिक केल्यावर जुन्या विनंतीचं उत्तर नंतर येऊन नवं पुसतं, त्यामुळे नवी विनंती निघताना आधीची रद्द करा.

यूआरएलबद्दल: देवनागरीतलं प्रत्येक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट, आणि टक्क्यांच्या रूपात ९ अक्षरं. ‘कादंबरी’त ७ चिन्हं आहेत, म्हणजे कॉपी केल्यावर त्या एका शब्दाची ६३ अक्षरं. व्हॉट्सॲपवर पाठवलेला तीन पातळ्यांचा दुवा वाचताच येत नाही. म्हणून वर्गाचं पान रोमन स्लग (पत्त्यातलं वाचता येणारं नाव) आणि शेवटी आयडी असं ठेवा, ओळखायचं आयडीवरूनच. नाव बदललं तर जुना स्लग नव्यावर ३०१ ने (कायमचा) वळवा.

एकट्या वर्गाची पानं गूगलला दिसू द्या. वर्ग, भाषा आणि किंमत अशा जोड्यांची पानं नोइंडेक्स करा (शोधनिकालांत घेऊ नका अशी खूण लावा), नाहीतर क्रॉलर त्या जोड्यांतच फिरत राहतो आणि नव्या पुस्तकांपर्यंत उशिरा पोचतो. त्यासाठी नोइंडेक्स आणि रोबोट्स फाइलमधली क्रॉलरला बंदी दोन्ही एकदम लावू नका. बंदी असेल तर क्रॉलर पान उघडतच नाही, मग त्यातला नोइंडेक्स त्याला दिसणार कसा? आधी नोइंडेक्स, ती पानं निकालांतून गेली की मग बंदी. यूआरएलमधल्या फिल्टरांचा क्रमही एकच ठेवा, आयडी लहानापासून मोठ्याकडे, म्हणजे ४७ आणि ५२ निवडले काय किंवा ५२ आणि ४७, पत्ता एकच येईल आणि कॅशलाही तोच चालेल.